मख्ख चेहऱ्यामागचे यंत्र

बस्टर कीटन पडद्यावर हसत नसे. अंगावर घराची भिंत कोसळो, पाठीमागे अख्ख्या शहराचे पोलीस लागोत, की सुरू झालेले इंजिन त्याला उचलून नेवो, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. अमेरिकेत त्याला दगडी चेहऱ्याचा नट म्हणत. मराठीत त्याहून नेमका शब्द आहे: मख्ख. १९२० ते १९२९ या काळातले त्याचे मूकपट या मख्ख चेहऱ्याच्या जोरावर चालले, आणि शंभर वर्षांनंतरही ते पाहणाऱ्याला हसू आवरत नाही.

यातले कोडे घरोघरचे आहे. गप्पांच्या बैठकीत गंमत सांगणारे दोन तऱ्हेचे लोक असतात. एकाला सांगता सांगताच हसू फुटते आणि ऐकणारे भिडेखातर हसतात. दुसरा वाण्याची यादी वाचावी तशा कोऱ्या चेहऱ्याने बोलतो आणि बैठक लोळू लागते. असे का व्हावे? कीटनच्या चित्रपटांत याचे उत्तर मिळते, पण त्याचा चेहरा हा त्या उत्तराचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा मोजपट्टी, वजन, वेग आणि कॅमेऱ्याची जागा यांत दडलेला आहे. कीटन नटाइतकाच मिस्त्रीही होता.

कोटावरची मूठ

कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, पिक्वा नावाच्या खेड्यात झाला. खरे नाव जोसेफ फ्रँक कीटन. त्याचे आईवडील, मायरा आणि जो, गावोगाव फिरून औषधे विकणाऱ्या एका फडाबरोबर हिंडत. आधी गाणी, नकला, कसरती दाखवून गर्दी जमवायची, मग औषधाच्या बाटल्या बाहेर काढायच्या, असा तो धंदा. तान्हे मूल जिन्यावरून गडगडत खाली आले आणि रडले नाही, म्हणून त्याला 'बस्टर' म्हणू लागले अशी कथा आहे. जोरदार आपटण्याला तेव्हाच्या बोलीत हा शब्द होता. नाव प्रख्यात जादूगार हॅरी हुडिनीने ठेवले, असेही कीटन कुटुंब सांगे. चरित्रकारांचा त्यावर फारसा विश्वास नाही.

पाचव्या वर्षाच्या आसपास तो आईबापांच्या खेळात नियमित उतरू लागला आणि 'द थ्री कीटन्स' हे त्रिकूट नावारूपाला आले. खेळाचे कथानक एका ओळीचे होते. खोडकर पोर बापाला छळते आणि बाप त्याला उचलून फेकतो, कधी नेपथ्याच्या फळीवर, कधी वादकांच्या खड्ड्यात. फेकायला पकड मिळावी म्हणून पोराच्या कोटाला पाठीमागे सुटकेसची मूठ शिवलेली असे. बालसंरक्षण करणाऱ्या संस्थेची माणसे या खेळाच्या मागावर असत, आणि मुलाच्या अंगावर वळ आहेत का याची तपासणीही झाली. आजच्या डोळ्यांना हा प्रकार क्रूर वाटतो आणि तो होताही, जरी कीटनने पुढे आयुष्यभर बापाची बाजू घेतली.

या वर्षांत तो दोन गोष्टी शिकला. पहिली, पडायचे कसे. उंचावरून पडलेल्या माणसाला इजा होते ती अंगाचा सगळा वेग एका क्षणात, एका जागी संपतो म्हणून. तोच वेग आधी हात, मग खांदा, मग पाठ असा वाटून दिला तर प्रत्येक अवयवाच्या वाट्याला थोडाच मार येतो. झेल घेणारा खेळाडू चेंडूबरोबर हात मागे नेतो, त्यातलेच हे तत्त्व. दुसरी गोष्ट चेहऱ्याची. आपटल्यावर आपण हसलो की प्रेक्षक गप्प बसतात आणि निर्विकार राहिलो की हसतात, हे त्या पोराच्या लवकर लक्षात आले. ओठ हलताना दिसले की बाप रंगमंचावरच हळूच दटावत असे.

सुटा केलेला कॅमेरा

बापाचे दारूचे व्यसन वाढले आणि १९१७ च्या सुरुवातीला त्रिकूट मोडले. कीटनला न्यूयॉर्कच्या एका रंगमंचीय खेळात आठवड्याला २५० डॉलर मिळायचे ठरले होते. तेवढ्यात रॉस्को आर्बकल या लोकप्रिय विनोदी नटाने त्याला आपल्या चित्रीकरणाला बोलावले. 'द बुचर बॉय' या लघुपटात त्याने काम केले, आणि रंगमंचावरचे २५० डॉलर सोडून आठवड्याला ४० डॉलरवर चित्रपटात राहणे पत्करले. त्या सुरुवातीच्या दिवसांतच त्याने कॅमेरा मागून घेतला, घरी नेऊन त्याचा भाग न् भाग सुटा केला आणि पुन्हा जोडला. यंत्र आत कसे चालते ते कळल्याशिवाय त्याच्याकडून काय करून घेता येईल ते कळणार नाही, हा हिशेब.

१९१८ मध्ये सैन्यात भरती होऊन तो फ्रान्सला गेला. तिथे कानाला संसर्ग होऊन ऐकू येणे कायमचे कमी झाले. परतल्यावर १९२० मध्ये निर्माता जोसेफ शेंक याने त्याला स्वतःचा स्टुडिओ दिला. १९२३ पर्यंत तिथे सुमारे वीस मिनिटांचे एक असे १९ लघुपट झाले आणि मग पूर्ण लांबीचे चित्रपट सुरू झाले.

आगगाडी दोनदा येते

मूकपटातल्या विनोदाच्या एका सुट्या घटकाला 'गॅग' म्हणत. गॅग म्हणजे शब्दांवाचून केलेला विनोद: एक परिस्थिती, तिच्यातून निर्माण झालेली अपेक्षा आणि त्या अपेक्षेला दिलेला धक्का. हे कसे रचतात ते पाहायला 'वन वीक' (१९२०) इतके चांगले उदाहरण नाही.

नवविवाहित जोडप्याला लग्नात सुट्या भागांचे घर भेट मिळते. खोक्यांवरच्या क्रमांकांनुसार भाग जोडायचे की घर तयार. मत्सराने पेटलेला एक जण क्रमांक बदलून ठेवतो. कीटन सूचना तंतोतंत पाळतो आणि वेडेवाकडे, वादळात भिंगरीसारखे फिरणारे घर उभे करतो. यात गंमत अशी की तो मूर्ख नाही. त्याचे तर्कशास्त्र पक्के आहे, चुकीची आहे ती मिळालेली माहिती. त्याचे बहुतेक विनोद या प्रकारचे आहेत आणि म्हणूनच ते लागतात. सरकारी अर्ज भरलेल्या प्रत्येकाला ही अवस्था ठाऊक असते.

शेवटी घर दुसऱ्या जागी ओढून नेताना रेल्वेच्या रुळांवर अडकते. समोरून गाडी येते. घर हलत नाही. नवराबायको डोळे मिटून घेतात, प्रेक्षकही श्वास रोखतात, आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. घर शाबूत. सुटकेचा निःश्वास टाकायला जेमतेम वेळ मिळतो तोच उलट्या दिशेने दुसरी गाडी येऊन घराच्या चिंध्या करते.

पहिल्या गाडीने घर मोडले असते तर तो अपघात ठरला असता. पहिली गाडी चुकवून प्रेक्षकाला सावध पवित्र्यातून बाहेर काढले जाते आणि मग तडाखा बसतो. कबड्डीत चढाई करणारा हुलकावणी देतो ती याचसाठी. यानंतर कीटन काय करतो? 'घर विकणे आहे' ही पाटी ढिगाऱ्यावर लावतो, तिच्याशेजारी घर जोडायची सूचनापत्रिकाही ठेवतो आणि बायकोचा हात धरून चालू लागतो. चेहरा अर्थातच मख्ख.

कोऱ्या चेहऱ्यावर कोण लिहिते?

मघाचे कोडे आता सोडवता येते. हसू येते ते ताण साठून एकदम मोकळा झाल्यावर. गंमत सांगणारा स्वतः हसला की त्याने ताण आधीच मोकळा केलेला असतो. कुकरचे झाकण शिट्टीआधीच उघडावे तसे. तो गंभीर राहिला तर ताण सोडण्याचे काम ऐकणाऱ्यालाच करावे लागते.

दुसरे कारण असे की भावना दाखवणारा चेहरा प्रेक्षकाला काय वाटून घ्यायचे ते सांगून टाकतो. कोरा चेहरा सांगत नाही. मग घर मोडलेल्या माणसाच्या मनात काय चालले असेल ते प्रेक्षक स्वतःच भरतो आणि स्वतः भरलेले त्याला अधिक खरे वाटते. मात्र कीटनचा चेहरा निर्जीव होता असे समजणे चूक आहे. ओठ स्थिर असले तरी डोळे सतत काम करत. संकट पाहणे, मापणे, उपाय शोधणे हे सगळे त्या मोठ्या, थोड्या उदास डोळ्यांत दिसते. चार्ली चॅप्लिनचा 'भटक्या' हा नायक प्रेक्षकाकडे पाहून मन उघडे करतो. कीटन प्रेक्षकाकडे ढुंकून पाहत नाही, कारण त्याला समोरचे इंजिन दुरुस्त करायचे असते.

[चौकट]
टोपीची कृती

कीटनची चपटी टोपी दुकानातून घेतलेली नव्हती. उंच फेल्ट हॅट कापून तो ती स्वतः बुटकी करी. मग चहाच्या कपभर कोमट पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून ते पाणी काठाला खालून-वरून लावायचे आणि टोपी कडक पृष्ठभागावर सपाट करून वाळवायची. सुती साडीला खळ द्यावी तसा काठ ताठ होई. पाण्यात भिजणे आणि चेंगरणे यामुळे एका चित्रपटात अशा कितीतरी टोप्या खर्ची पडत.
[चौकट समाप्त]

कॅमेरा मागे का सरकतो?

डोंबाऱ्याचा खेळ चारी बाजूंनी उघडा असतो. दोरी, खांब, खालची जमीन, सगळे दिसते, म्हणूनच वर चालणाऱ्या पोरीसाठी छातीत धडकी भरते. हाच खेळ अर्ध्या पडद्याआड केला तर कोणाला काही वाटणार नाही. कीटनचा कॅमेरा या कारणाने दूर राहतो. पूर्ण माणूस, पूर्ण जागा आणि दोहोंमधले अंतर एका चौकटीत दिसले पाहिजे आणि मधे चित्र तुटता कामा नये. मधे तुकडा जोडला की प्रेक्षकाला फसवणुकीचा वास येतो आणि हसू मरते, असा त्याचा पक्का अनुभव होता.

फसवणूक करायचीच असेल तर ती इतकी सफाईदार करायची की करामत हाच विनोद व्हावा. 'द प्लेहाउस' (१९२१) मध्ये रंगमंचावर एकाच वेळी नऊ कीटन दिसतात. भिंगासमोर झडपांची पेटी बसवून फिल्मची एक पट्टीच उघडी ठेवायची, पहिला कीटन चित्रित करायचा, फिल्म उलटी गुंडाळून मागे आणायची, पुढची झडप उघडायची, असे नऊ वेळा. तेव्हाचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवत. दांड्याचा वेग एका फेरीत जरी बदलला तरी नऊ जण एका तालात नाचणार नाहीत. कॅमेरामन एल्गिन लेस्ली याचा हात घड्याळासारखा चाले, म्हणून ते जमले.

'शेरलॉक ज्युनियर' (१९२४) मध्ये चित्रपटगृहातला प्रोजेक्टर चालवणारा झोपेत पडद्यावरच्या चित्रपटात शिरतो. तो उभा तिथेच राहतो, पण भोवतालची जागा बदलत जाते: बाग, रहदारीचा रस्ता, कड्याचे टोक, सिंह, वाळवंट, समुद्र. बसायला जातो तर बाकच नाहीसे होते. प्रत्येक नव्या जागी कॅमेऱ्यापासून कीटनपर्यंतचे अंतर आणि उंची जमीनमोजणीच्या उपकरणांनी मोजून आधीइतकीच ठेवलेली होती. त्यामुळे माणूस हलल्याचे दिसत नाही, जगच बदलल्याचे दिसते.

याच चित्रपटात रेल्वेच्या पाण्याच्या टाकीखाली लोंबकळताना वरचा लोंढा अंगावर कोसळला आणि त्याची मान रुळावर आपटली. डोके दुखत राहिले, काम चालू राहिले. मानेचे हाड तेव्हा मोडले होते हे बऱ्याच वर्षांनी क्ष-किरण तपासणीत डॉक्टरांना दिसले.

दोन टनांची भिंत

'स्टीमबोट बिल ज्युनियर' (१९२८) मधला भिंतीचा प्रसंग त्याच्या कामाचे शिखर मानला जातो. वादळात भांबावून उभ्या असलेल्या कीटनवर दुमजली घराची दर्शनी भिंत अख्खीच्या अख्खी कोसळते. माडीची उघडी खिडकी बरोबर त्याच्यावरून जाते आणि तो उभाच्या उभा राहतो. मोकळी जागा डोक्यापाशी आणि खांद्यांपाशी इंच-दोन इंच होती, भिंत दोन टनांची होती, असे सांगतात.

हे गणित वरवर सोपे आहे. भिंत तळाशी बिजागऱ्यांवर बसवली की ती दारासारखी फिरते. जमिनीपासून १२ फुटांवरचा बिंदू पडल्यावर पायथ्यापासून १२ फुटांवर टेकणार. तेव्हा खिडकी जितकी उंच, तितक्या अंतरावर उभे राहायचे. पण माणसाला उंची असते आणि पेच तिथे आहे. समजा, माणूस साडेपाच फूट उंच आहे आणि पायथ्यापासून १२ फुटांवर उभा आहे. भिंत आधी त्याच्या डोक्यापाशी येते, तेव्हा ती तिरकी असते. पायथ्यापासून डोक्यापर्यंतचे तिरके अंतर १२ नव्हे, १३ फुटांहून थोडे अधिक भरते. म्हणजे डोके खिडकीच्या वरच्या भागातून जाणार आणि पाय खालच्या भागातून. खिडकीची लांबी या दोन्हींना पुरली पाहिजे आणि माणसाने तसूभरही हलता कामा नये. कीटनच्या पायांची जागा जमिनीवर खूण करून ठरवलेली होती.

भिंत हलकी का केली नाही? वादळ दाखवायला विमानांच्या इंजिनांवर चालणारे पंखे लावले होते. हलकी भिंत त्या झोतात पिळवटली असती आणि खिडकीची चौकट सरकली असती. वजनदार, ताठ भिंत सरळ पडते. शिवाय भिंत पडू लागली की वाऱ्याचा झोत तिच्यावर येणार नाही अशी पंख्यांची मांडणी केली. 'वन वीक'मध्ये त्याने हीच युक्ती लहान प्रमाणावर करून पाहिली होती. एवढी तयारी असूनही चित्रीकरणाच्या वेळी तिथल्या काही जणांना समोर पाहवले नाही.

मूळ कथेत वादळ नव्हते, पूर होता. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर येऊन मोठी हानी झाली होती. पुरावर विनोद नको म्हणून वादळ आले.

नदीत पडलेले इंजिन

'द जनरल' साठी १९२६ मध्ये कीटनचा काफिला ऑरेगन राज्यातल्या कॉटेज ग्रोव्ह गावी गेला. अमेरिकी यादवी युद्धात, १८६२ साली, उत्तरेच्या हेरांनी दक्षिणेचे एक इंजिन पळवले होते. त्या खऱ्या घटनेवर हा चित्रपट आहे. इंजिन पळाले की ड्रायव्हर पाठलाग करतो आणि इंजिन परत मिळाले की शत्रू त्याचा पाठलाग करतो. जाताना आलेला प्रत्येक अडथळा येताना उलटा होऊन भेटतो. कथेची इतकी नेटकी बांधणी विनोदी चित्रपटात क्वचित आढळते.

एका प्रसंगी प्रेयसीने झिडकारलेला नायक इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इंजिन चालू लागते आणि दांडा त्याला वरखाली झुलवत नेतो, तरी विचारात गढलेल्या त्याला बराच वेळ पत्ता नसतो. इंजिन सुरू होताना वाफ जास्त सुटली तर चाके जागीच गरगरतात. तसे झाले असते तर कीटन दांड्यावरून भिरकावला गेला असता. शेवटी जळता पूल कोसळून खरे इंजिन नदीत पडते. मूकपटांच्या काळातला हा सर्वांत महागडा एकेरी देखावा मानतात. ते धूड अनेक वर्षे नदीतच पडून होते.

चित्रपट चालला नाही. समीक्षकांना तो धड विनोदी वाटला नाही, धड युद्धपटही नाही. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत पहिले २५ चित्रपट निवडले गेले, त्यांत 'द जनरल' होता.

हत्यारे काढून घेतल्यावर

१९२८ मध्ये शेंकच्या सल्ल्यावरून कीटनने स्वतःचा स्टुडिओ सोडून एमजीएम या बड्या कंपनीशी करार केला. चॅप्लिन आणि विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड या दोघांनीही त्याला नको म्हटले होते. कीटनने पुढे या निर्णयाला आयुष्यातली सर्वांत मोठी चूक म्हटले.

घोळ कुठे झाला ते त्याच्या कार्यपद्धतीवरून कळते. त्याच्याकडे लिखित पटकथा नसे. सुरुवात आणि शेवट ठरला की मधले काम करता करता सुचत जाई. अडले तर सगळी मंडळी बेसबॉल खेळायला जात आणि कोणाला युक्ती सुचली की खेळ टाकून कामाला लागत. चित्रपट आधी प्रेक्षकांना दाखवून दुरुस्त करण्याचीही पद्धत होती. 'सेव्हन चान्सेस' (१९२५) अशा खेळात रडतखडत चालला होता; शेवटी उतारावर पळताना कीटनच्या पायाने चुकून दोन-चार दगड सुटले, ते त्याच्यामागे गडगडू लागले आणि प्रेक्षागृह जागे झाले. त्याने परत जाऊन लहानमोठे नकली दगड शेकड्यांनी तयार करवले आणि पाठलाग नव्याने चित्रित केला.

एमजीएममध्ये प्रत्येक प्रसंग आधी कागदावर हवा, प्रत्येक खर्चाला मंजुरी हवी आणि महागड्या नटाने जिवावरचे धाडस करायचे नाही. 'द कॅमेरामन' (१९२८) उत्तम झाला, पण मग पकड सुटत गेली. बोलपट आल्यावर त्याला बडबड्या विनोदी नट जिमी ड्युरांटीबरोबर जोडण्यात आले. त्याचे पतन आवाजामुळे झाले असा समज आहे, तो पटत नाही. त्याचा घोगरा आवाज चेहऱ्याला शोभत होता आणि ते सुमार बोलपट पैसाही कमवत होते. सुताराच्या हातून रंधा आणि फूटपट्टी काढून घेऊन त्याला दुकानात बाहुल्यासारखे उभे केले, असे झाले. दारू वाढली, १९३२ मध्ये पहिली पत्नी नॅटली टॅलमेजशी घटस्फोट झाला, मुलांचे आडनावही बदलले गेले आणि १९३३ मध्ये कंपनीने त्याला काढून टाकले.

कोठीतली रिळे

पुढे त्याच कंपनीत तो मामुली पगारावर इतर नटांसाठी गॅग सुचवण्याचे काम करू लागला. मार्क्स बंधू आणि रेड स्केल्टन यांना त्याचा उपयोग झाला. १९४० मध्ये एलिनॉर नॉरिसशी झालेल्या लग्नाने आयुष्याला ठाव मिळाला. १९४९ मध्ये समीक्षक जेम्स एजी याने 'लाइफ' साप्ताहिकात मूकपटांच्या विनोदावर दीर्घ लेख लिहिला आणि लोकांना कीटन पुन्हा आठवला. १९५२ मध्ये चॅप्लिनच्या 'लाइमलाइट'मध्ये दोघे प्रथमच एकत्र पडद्यावर आले.

जुने चित्रपट मात्र नष्ट होण्याच्या वाटेवर होते. त्या काळची नायट्रेट फिल्म भराभर पेट घेते आणि न पेटताही कुजत जाऊन तिची पूड होते. नट जेम्स मेसन याने कीटनचा पूर्वीचा बंगला विकत घेतला होता. तिथल्या कोठीत त्याला बरीच रिळे सापडली. रेमंड रोहॉअर या वितरकाच्या खटपटीने ती सुरक्षित फिल्मवर उतरवली गेली. १९६० मध्ये कीटनला मानद ऑस्कर मिळाले.

१९६४ च्या शरद ऋतूत, एकोणसत्तराव्या वर्षी, तो 'द रेलरॉडर' या लघुपटासाठी कॅनडात रुळांवर चालणाऱ्या छोट्या मोटारगाडीतून देशभर फिरला. एका प्रसंगात उंच रेल्वेपुलावरून जाताना तो भल्यामोठ्या नकाशात गुरफटतो. दिग्दर्शक जेराल्ड पॉटरटनला काळजी वाटत होती. कीटनचे म्हणणे, पूल नसेल तर नकाशात गंमत नाही. या चित्रीकरणावर काढलेल्या माहितीपटात तो वाद ऐकू येतो. शेवटी प्रसंग पुलावरच चित्रित झाला, दुरून, मधे न तोडता. १ फेब्रुवारी १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने कीटनचे निधन झाले.